सातवी तार

सोमवार, ६ जानेवारी

ही वही सुरक्षा विभागाने फुकट वाटली. प्रत्येक पानाच्या तळाशी 'हेल्मेट घाला, सुखरूप घरी जा' असं छापलंय. एकतीस वर्षं मी कामावर दोनच शब्द लिहीत आलो, 'ग्राह्य' आणि 'अग्राह्य'. सप्टेंबरअखेर निवृत्ती. ही म्हणाली, आतापासून काहीतरी लिहायची सवय लावून घ्या, नाहीतर घरी बसून माझ्या आमटीला अग्राह्य म्हणत सुटाल. म्हणून घेतली लिहायला.

हे माझं शेवटचं जाकीट. जाकीट म्हणजे समुद्रात रोवायचा पोलादी सांगाडा. चार पोकळ पाय, त्यांना आडव्यातिडव्या नळ्या, उंची तीसमजली इमारतीएवढी. आमच्या बंदरकाठच्या यार्डात तो आडवा झोपवून बांधतात, बार्जवर चढवून समुद्रात नेतात, तिथे क्रेनचं जहाज त्याला उभा करतं आणि पायांतून लांबच लांब खांब तळात ठोकतात. मग त्याच्या डोक्यावर तेल-गॅस काढायचं सगळं बिऱ्हाड मांडायचं: यंत्रं, स्वयंपाकघर, तीस-पस्तीस माणसांची झोपायची सोय. लग्न ठरलं तेव्हा मी हिला सांगितलं होतं की आम्ही जाकिटं बनवतो. ही दोन महिने मला शिंपी समजत होती.

माझं काम त्याचे सांधे बघायचं. नळीला नळी वेल्ड केली की तिथला एक्स-रे काढतात. ती फिल्म दिव्याच्या पेटीवर लावून मी आतला दोष शोधतो. बुडबुडा, चीर, नीट न वितळलेला धातू. एक्स-रे काढताना सांध्यावर सात तारांचा एक संच ठेवतात, जाडपासून बारीकपर्यंत. फिल्मवर सहावी तार दिसली तर फिल्म चांगली. ज्याला तार दिसते त्याला चीरही दिसणार, असं साधं गणित. मला सातवी दिसते. यार्डात माझं नावच 'सातवी तार' पडलंय. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतं.

गुरुवार, १६ जानेवारी

आज डोकं फिरलं. बावीस फिल्म बघितल्या, सगळ्या धुरकट. डार्करूममध्ये फिल्म धुणारा माणूस, त्याला आम्ही धुलाईवाला म्हणतो, अकरा वर्षं माझ्या हाताखाली आहे. त्याला बोलावून विचारलं, औषध शिळं वापरतोस का? नाही म्हणाला. पाणी बदललंस? तेही नाही. वर त्याने काळेपणा मोजायचं यंत्र फिल्मवर टेकवून मला आकडा दाखवला. मापात होता. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. तो मान एका बाजूला घालून नुसता उभा राहिला. त्याची ती उभं राहायची तऱ्हा मला मुळीच आवडत नाही. नऊ सांध्यांचे एक्स-रे पुन्हा काढायला लावले.

शुक्रवार, ३१ जानेवारी

डोळ्यांची वार्षिक तपासणी झाली. त्याशिवाय फिल्म वाचायचा परवाना चालू राहत नाही. दवाखान्यात तेच पिवळं पडलेलं कार्ड, त्यावर बारीक अक्षरात दीपगृहाच्या रखवालदाराची हकिकत. एकतीस वर्षं तीच. मी घडाघडा म्हणून दाखवली. डॉक्टर म्हणाले, या वयात असे डोळे बघितले नाहीत. आता ती हकिकत मला तोंडपाठ आहे हे खरं, पण पाठ आहे म्हणजे दिसत नाही असं थोडंच आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

न्हाणीघराच्या फरशीवरून हिच्याशी वाजलं. मी म्हटलं, मिस्त्रीने फसवलं, मधल्या दोन ओळी सरळ नाहीत, पोट काढल्यासारख्या बाहेर आल्यात. ही म्हणाली, चार वर्षं झाली फरशी बसवून, आज दिसलं होय? लेकीला खाली बोलावलं. ती आणि जावई वरच्याच मजल्यावर राहतात. तिने खाली बसून बघितलं आणि म्हणाली, बाबा, सरळ तर आहे. दोघी एक झाल्या की माझं कोण ऐकतंय.

वर्तमानपत्राची शाईही हल्ली फिकी झालीय. आणि ही विचारते, वहीत एवढं मोठं अक्षर का काढता? चार ओळींत पान संपतं. म्हटलं, शेवटच्या वर्षी तरी ऐसपैस लिहू दे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

धुलाईवाल्याला काढलं. मी फक्त लिहून दिलं होतं की फिल्मची प्रत खालावली आहे. काढा असं लिहिलं नव्हतं. जाताना डार्करूमची किल्ली द्यायला माझ्या खोलीत आला. मला वाटलं भांडेल. तो म्हणाला, "साहेब, एकदा बाहेरच्या डॉक्टरला दाखवा." मी विचारलं, काय दाखवू? तो किल्ली टेबलावर ठेवून गेला. जाताजाता टोमणा मारायची गरज नव्हती.

अकरा वर्षांत एकदा तो आजारी पडला होता तेव्हा मी त्याच्या घरी गेलो होतो. दोन खोल्या, खिडकीत मुलीची शिलाई मशीन. आज ती खिडकी सारखी आठवत होती.

सोमवार, ३ मार्च

नवा धुलाईवाला आला. औषध नवं, पाणी नवं, ट्रे नवे. फिल्म तशाच धुरकट.

बुधवार, १२ मार्च

यार्डात प्रत्येक वेल्डरला नंबर असतो. त्याने भरलेल्या सांध्याशेजारी शिशाचे आकडे ठेवून एक्स-रे काढतात, ते फिल्मच्या कडेला ठळक उमटतात. नियम असा की वाचणाऱ्याने आधी सांधा बघायचा, नंबर शेवटी. माझं हल्ली उलटं झालंय. कडेचे आकडे स्वच्छ दिसतात, मधला सांधाच गढूळ. म्हणून मी आधी नंबर बघतो. एकतीस वर्षांत कोणाचा हात कसा चालतो हे मला झोपेतही सांगता येईल. सतरा नंबर घाईचा, त्याचे बुडबुडे राहतात, त्याला मी दहापैकी तीन परत पाठवतो. तेवीस नंबर सुरुवात वाईट करतो, शेवट छान. आणि एक्केचाळीस म्हणजे आमचे जावईबापू. सहा वर्षांत एक सांधा अग्राह्य नाही. सासरा म्हणून सांगत नाही, त्या सहा वर्षांच्या फिल्म मी बघितल्यात. एक्केचाळीस दिसला की फार वेळ घालवायचं कारण नसतं.

तारांच्या रकान्यात 'सात' लिहितो. सात असतातच.

गुरुवार, २७ मार्च

आज दुपारी जावई माझ्या खोलीत आला. वेल्डरने फिल्मच्या खोलीत यायचं नसतं, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. दार अर्धवट लावून म्हणाला, "मामा, दुसऱ्या पायाचा अकरावा सांधा माझा आहे. नीट बघा." मी त्याला चांगलाच झाडला. म्हटलं, सासऱ्याकडे वशिला लावायला लाज वाटत नाही? तुझा आहे म्हणून मी सांधा सोडून देऊ होय? हातातल्या हेल्मेटचा पट्टा सारखा हलत होता. ऐटीत फिरवत असावा.

अकराव्याची फिल्म लावली. कडेला एक्केचाळीस. ग्राह्य.

सोमवार, ७ एप्रिल

लिहावं की नाही ते कळत नाही. पण ही वही कोण वाचतंय.

आज जेवणाच्या सुट्टीत खोलीत एकटाच होतो. एक डोळा हाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. रेघा वाकल्या. मग दुसरा झाकला. मधल्या तारखांच्या जागी राखाडी डाग. नऊ, दहा, सोळा, सतरा नाहीतच. डोळा जरा बाजूला नेला की तारखा परत येतात, सरळ बघितलं की जातात. फरशी सरळ आहे. वर्तमानपत्राची शाई ठीक आहे. धुलाईवाला खरं बोलत होता.

मग फिल्म लावली आणि तारा मोजल्या. प्रामाणिकपणे मोजल्या. दोन.

मंगळवार, २२ एप्रिल

हिला सांगितलं की यार्डाच्या कामाने दुसऱ्या टोकाला जायचंय, आणि शहराच्या पार पलीकडच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून. डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, उजेड मारला. मग म्हणाल्या, डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, दोन्हीकडे. कडेचं दिसत राहील, मधलं परत येणार नाही. मी विचारलं, चष्म्याचा नंबर बदलून? म्हणाल्या, चष्म्याचं काम नाही हे. काम काय करता, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, शिंपी आहे.

परत येताना बसलो बसस्टॉपवर आणि मोजत राहिलो. सुरुवात कधी झाली? जानेवारी? त्याआधी? या जाकिटाच्या फिल्म मी सोळाशेच्या वर बघितल्या आहेत. त्यातल्या किती खरंच बघितल्या? मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, डोळ्यात काही गेलं का? म्हटलं, हो.

आता काय करायचं? सांगितलं तर परवाना जाईल, एकतीस वर्षांचं नाव जाईल, सगळ्या फिल्म पुन्हा वाचायला लागतील. नाही सांगितलं तर पाच महिने तर राहिलेत. सांधे बहुतेक चांगलेच असतात. शंभरात पाच-सहा वाईट. आमची माणसं चांगली आहेत. मी स्वतःला हे दिवसभर सांगतोय आणि मला माझी किळस येतेय.

बुधवार, १४ मे

जाकीट बार्जवर चढलं. इंच इंच सरकवत दोन दिवस लागले. आता ते दुसऱ्या पायावर टेकून, पोलादी खोगिरांत बसवून, वेल्ड करून जखडलंय. शनिवारी चोवीस तारखेला निघायचं. क्रेनचं जहाज तोवर जागेवर पोचेल. वाऱ्याचे दिवस जवळ आलेत, हा मुहूर्त हुकला तर पुढचा सहा महिन्यांनी.

मी एप्रिलपासून कोणाला काही सांगितलेलं नाही. इथेही लिहिलं नाही. लिहायला हात धजला नाही.

गुरुवार, १५ मे

गिऱ्हाइकाकडून, म्हणजे जाकीट घेणाऱ्या तेल कंपनीकडून, एक तपासनीस मुलगी आली आहे. जाड चष्मा लावते म्हणून यार्डातल्यांनी चष्मेवाली नाव ठेवलंय. मला काका म्हणते. शेवटची फाईल तपासायचं काम तिचं. सगळ्या फिल्म काही बघत नाहीत, शेकडा दहा उचलून बघतात.

आज ती दिवसभर माझ्या फिल्म बघत होती. चारच्या सुमारास तिने एक फिल्म पेटीवर लावली आणि म्हणाली, "काका, जरा ही बघता? तारा किती दिसतात?" मी खुर्ची पुढे ओढली, नेहमीसारखा वाकलो, पुरेसा वेळ घेतला. म्हटलं, सात.

तिने फिल्म पेटीवरून काढून हातात घेतली. मग हळूच म्हणाली, "काका, या फिल्मवर तारा ठेवायलाच विसरलेत. म्हणूनच विचारलं."

तिने मला मुद्दाम सापळा लावला की खरंच विचारत होती, मला कळलं नाही. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसते कान आणि केस. ती रडवेली झाली असावी, कारण आवाज तसा झाला. म्हणाली, मला हे वर सांगावं लागेल. मी म्हटलं, सांग बाई. तू तरी सांग.

रविवार, १८ मे

हिला सांगितलं. मला वाटलं होतं ओरडेल. ती म्हणाली, मला फेब्रुवारीपासून माहीत आहे, तुम्ही चहा कपाबाहेर ओतायला लागलात तेव्हापासून. मी रोज कप पुढे सरकवत होते. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुम्ही कोणाचं ऐकून घेता?

चष्मेवालीने दोन दिवस बसून चारही पायांच्या सगळ्या फिल्म वाचल्या. तीन सांधे वाईट निघाले. दोन बाहेरून हाताला येतात, ते बार्जवरच कापून पुन्हा भरायला घेतलेत. तिसरा दुसऱ्या पायाचा अकरावा. त्याच्या मुळात धातू वितळलेलाच नाही, हातभर लांब. तो नेमका खोगिराखाली गेलाय. तो उघडायचा तर जाकीट परत धक्क्यावर उतरवायला हवं.

एक्केचाळीस नंबर. मी तिला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तिने एक्केचाळीसच वाचलं.

संध्याकाळी जावयाला खाली बोलावलं. लेकीला वरच थांबायला सांगितलं. तो आला, खुर्चीच्या कडेला बसला आणि मी काही विचारायच्या आत त्याने उजवा हात टेबलावर ठेवला. हात थरथरत होता. मी वाकून, तिरका होऊन, बाजूने बघितला तेव्हा दिसलं. म्हणाला, डिसेंबरपासून असं होतंय. बोटांना मुंग्या येतात, पकड सुटते. कधी असतं, कधी नसतं. सांगितलं तर पुन्हा परीक्षा घेतील आणि नंबर काढून घेतील. त्या दिवशी अकरावा भरताना सुरुवातीचाच थर बिघडला, मला भरतानाच कळलं.

"मग बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही नापास कराल म्हणून," तो म्हणाला. "तुमच्या नजरेतून कधी काही सुटत नाही, मामा. तुम्ही परत पाठवाल, मग मी चांगल्या दिवशी पुन्हा भरेन, असं धरून चाललो होतो. सांगायला पण आलो होतो."

"आणि मी तुझा नंबर बघून पास केला," मी म्हटलं.

ही आतून दोनदा येऊन गेली. वर लेक खुर्च्या सरकवत होती, त्याचा आवाज येत होता. तिला यातलं काही माहीत नाही.

मंगळवार, २० मे

चष्मेवाली घरी आली. चहा घेतला नाही. म्हणाली, माझं ऑफिस म्हणतं की फिल्म वाचणाऱ्या दोन माणसांचा मतभेद आहे, त्याने निघणं थांबत नाही. परवानाधारक तुम्ही आहात, सही तुमची आहे. तुम्ही लेखी सही मागे घेतली तर सांधा आपोआप अग्राह्य होतो आणि जाकीट धक्क्यावरून हलू शकत नाही. "काका, आता सगळं तुमच्या एका ओळीवर आहे." तिला दुसरीकडे पाठवतायत, उद्याच. ती म्हणाली नाही की का, पण मला कळलं.

मी तिला विचारलं, चालून जाईल का गं तसंच? तिने खोटं सांगितलं नाही. म्हणाली, कदाचित वीस वर्षं काही होणार नाही. पण उभा करताना सगळं वजन आधी दुसऱ्या पायावर येतं. पाय पोकळ आहे, आतल्या हवेवर तरंगतो. तेव्हा सांधा उघडला आणि पाणी शिरलं तर जाकीट कलंडेल. आणि त्या वेळी क्रेनच्या साखळ्या सोडवायला माणसं वर चढलेली असतात.

जावयाचं नाव जहाजावर जाणाऱ्या वेल्डरांत आहे. खांब एकावर एक जोडायला. उद्या सकाळी त्यांची बोट सुटते. मी वर जाऊन त्याला सांगितलं की मी सही मागे घेतोय, जाकीट मागाहून येईल, दुरुस्त होऊन. तुझा नंबरही जाईल. तो म्हणाला, जाऊ दे मामा. त्याला इतकं हलकं झालेलं मी महिन्याभरात बघितलं नव्हतं. बघितलं म्हणजे, ऐकलं.

शुक्रवार, २३ मे

झालं. सही मागे घेतली.

काल घरी पत्र लिहायला बसलो होतो, जाड पेनाने. तीन कागद फुकट गेले, ओळीवर ओळ चढते. हिला सांगून लिहून घेता आलं असतं. पण एकतीस वर्षांच्या कामाचा शेवटचा कागद बायकोच्या अक्षरात द्यायचा मला धीर झाला नाही. शेवटी आज तसाच यार्डाच्या मॅनेजरकडे गेलो आणि तोंडी सांगितलं.

मला वाटलं होतं तो उसळेल. उलट फार चांगला वागला. स्वतः खुर्ची दिली. म्हणाला, साहेब, तुमच्यासारखा माणूस चूक कबूल करतो, याला छाती लागते. तुम्ही कशाला त्रास घेता, मी टाइप करून आणतो. आत गेला, पाच मिनिटांत कागद घेऊन आला आणि मला वाचून दाखवला. अगदी मी म्हटलं होतं तसंच. दुसऱ्या पायाचा अकरावा सांधा मी पूर्वी ग्राह्य ठरवला होता, ती माझी सही मी मागे घेत आहे. मग कागद माझ्या हातात दिला. मी तो धरला, वरून खाली डोळे फिरवले, वाचल्यासारखं केलं. दोन शिपाई उभे होते, त्यांच्यासमोर कोणाला वाचायला कशाला सांगू? मॅनेजरने माझं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवलं. एक प्रत घडी घालून खिशातही घातली.

निवृत्तीचं मी बघतो म्हणाला. डोळ्यांबद्दल कोणाला कळणार नाही.

घरी आलो आणि चार महिन्यांत पहिल्यांदा दुपारी गाढ झोपलो.

शनिवार, २४ मे

सकाळी बंदरातून टगबोटींचे भोंगे ऐकू आले. गच्चीवर गेलो. मधे काही दिसत नाही, पण कडेने एवढं मोठं धूड सरकताना कळतं. जाकीट हलत होतं. परत उतरवायला पलीकडच्या मोठ्या धक्क्यावर नेत असणार, आमच्या धक्क्यावर तेवढी ताकद नाही. मॅनेजर शब्दाचा पक्का निघाला. एका दिवसात हलवलं. हिला म्हटलं, बघ, माणसं अजून आहेत.

बुधवार, २८ मे

ही शर्ट धुवायला काढत होती. खिशातला कागद निघाला. ही म्हणाली, हे काय आहे? म्हटलं, वाच ना, माझी शेवटची सही आहे.

ती वाचायला लागली आणि मधेच थांबली. मी म्हटलं, मोठ्याने वाच. तिने वाचलं: "दुसऱ्या पायाच्या अकराव्या सांध्याची फिल्म मी आज पुन्हा तपासली असून सदर सांधा निर्दोष व ग्राह्य असल्याचे याद्वारे प्रमाणित करीत आहे." मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. तेच होतं.

यार्डात फोन केला. मॅनेजर बाहेर आहेत. पुन्हा केला. बाहेर आहेत. स्वतः गेलो, फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं, साहेब तुमचं नाव आता यादीत नाही म्हणाला. वीस वर्षं मला सलाम करणारा माणूस. मी विचारलं, जाकीट कुठे आहे? तो म्हणाला, अहो, ते तर कालच जागेवर पोचलं.

चष्मेवालीचा नंबर लागत नाही. तिच्या ऑफिसात सांगितलं तर बाई म्हणाली, आमच्याकडे आपलंच प्रमाणपत्र आहे, आपल्याच सहीचं. मी म्हटलं, बाई, मी आंधळा आहे हो. तिने विचारलं, तसं आपल्याकडे काही प्रमाणपत्र आहे का? जानेवारीतलं आहे, दवाखान्याचं. त्यात माझे डोळे उत्तम आहेत.

गुरुवार, २९ मे

दुपारी जहाजावरून जावयाचा फोन आला. त्यांना दोन-दोन मिनिटं मिळतात. लेक इथेच होती, तिने आधी घेतला, हसली, मग माझ्या हातात दिला. म्हणाली, बाबा, तुमच्याशीच बोलायचंय म्हणे.

तो खुशीत होता. म्हणाला, मामा, जाकीट इतक्यात आलं म्हणून मी घाबरलो होतो. पण मुकादमाने कागद दाखवला. तुम्ही पुन्हा बघितलात ना? मग तेवढं वाईट नसणार. मलाच उगाच वाटत होतं. आता दोन तासांत उभं करायला घेतायत. साखळ्या सोडवायला पहिल्या चौघांत मी आहे.

मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेलो. म्हटलं, "ऐक. मी बघितलं नाही. मला दिसतच नाही. तो कागद खोटा आहे. तू वर चढू नकोस."

फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता.

"इथं कोणाला सांगू?" तो म्हणाला. "सगळ्यांनी कागद बघितलाय. मी नाही म्हटलं तर माझ्या जागी दुसरा चढेल."

मी म्हटलं, मुकादमाला दे फोन. मी सांगतो. पाया पडतो त्याच्या.

पलीकडे काही बोलणं झालं, मला नीट ऐकू आलं नाही. कोणीतरी हसलं. मग जावयाचाच आवाज आला, अगदी शांत. "वेळ संपली म्हणतायत, मामा. लेकीला काही सांगू नका." आणि फोन बंद झाला.

परत लावला. लागत नाही. ही आतल्या खोलीतून तेव्हापासून लावतेच आहे.

बाहेर आलो तर लेक टेबलापाशी शेंगा सोलत होती. तिने विचारलं, काय म्हणत होते? मी म्हटलं, जेवलात का विचारत होता. ती म्हणाली, एवढंच? मग एवढा वेळ काय बोलत होता? मी तिच्या शेजारी बसलो आणि शेंगा सोलायला लागलो. अजून सोलतोच आहे. ती म्हणते, बाबा, तुम्ही दाणे टाकताय आणि टरफलं ठेवताय.